सत्तर हजार पुड्यांचं फडताळ

गेल्या मार्चमध्ये मंडळाच्या कार्यकारिणीच्या बैठकीत एक जुनाच विषय पुन्हा निघाला: ग्रंथालयाचं काय करायचं? आमचं ग्रंथालय म्हणजे एकवीस खोकी. गेली कित्येक वर्षं ती एका सभासदाच्या गराजमधून दुसऱ्याच्या गराजमध्ये मुक्काम हलवत आहेत. खोक्यांवर जाड मार्करने लिहिलंय, 'पुस्तकं १', 'पुस्तकं २', आणि शेवटच्या दोनांवर 'पुस्तकं व इतर'. या 'इतर'मध्ये गणपतीच्या मखराचे थर्मोकोलचे तुकडे आणि झांजांची एक जोडीही निघाली, ते सोडा.

आमचे कोषाध्यक्ष व्यवहारी माणूस. ते म्हणाले, "तीन वर्षांत कुणी एक पुस्तक मागितलेलं नाही. लोक वाचत नाहीत आता. दिवाळीपर्यंत बघू, नाहीतर देऊन टाकू."

मी म्हटलं, "अहो, मागणार कसं? खोक्यात काय आहे हे कुणाला ठाऊक आहे का?"

बैठकीत असं काही बोललं की ते काम आपल्याच गळ्यात पडतं, हा नियम मंडळात मुरलेल्यांना सांगायला नको. पडलं.

शनिवारी-रविवारी खोकी उघडत बसलो, तेव्हा एक वेगळीच गोष्ट राहून राहून आठवत होती. माझा पोटापाण्याचा धंदा कॉम्प्युटरचा. त्या जगात काही हजार माणसं गेली तीस-बत्तीस वर्षं हेच काम करत आली आहेत: कुणी तरी लोकांना फुकट वाटण्यासाठी केलेल्या वस्तू नीट पुड्यात बांधायच्या आणि हा पुडा कुठल्या फळीवर ठेवायचा ते ठरवायचं. पगार नाही, आभार नाहीत. त्या फडताळाची ही हकिकत. ज्यांना 'आम्हाला त्यातलं काही कळत नाही बुवा' असं वाटतंय, त्यांनीही वाचावी. स्वयंपाकघर लावणाऱ्याला ती नक्की कळेल.

फ्लॉपींचे गठ्ठे

आधी थोडी ओळख. लिनस टोरवाल्ड्स नावाच्या फिनलंडमधल्या विद्यार्थ्याने १९९१ साली लिनक्सचा गाभा, म्हणजे 'कर्नल', लिहिला आणि जगाला वाटून टाकला. पण नुसता कर्नल म्हणजे नुसतं जोतं, घर नव्हे. पत्र लिहायला, छापायला, टपाल वाचायला, खेळायला वेगवेगळे प्रोग्रॅम लागतात. ते जगभरच्या माणसांनी आपापल्या हौसेने लिहिलेले. ते गोळा करायचे, एकमेकांशी भांडणार नाहीत असे जुळवायचे, आणि प्रत्येकाचा पुडा बांधायचा. अशा पुड्याला म्हणतात पॅकेज आणि सगळ्या पुड्यांच्या तयार संचाला म्हणतात डिस्ट्रिब्युशन.

मी १९९४ साली दोन बॅगा घेऊन एमएस करायला इथे आलो, तेव्हा आमच्या लॅबमध्ये स्लॅकवेअर नावाचं डिस्ट्रिब्युशन चालायचं. पॅट्रिक व्होल्करडिंग यांनी ते जुलै १९९३ मध्ये प्रथम प्रसिद्ध केलं. ते उतरवून घ्यायचं म्हणजे फ्लॉपी. एका फ्लॉपीवर मावायचं १.४४ मेगाबाइट. आजच्या फोनने काढलेला एक फोटोसुद्धा त्यात बहुधा बसणार नाही. म्हणून फ्लॉपींचे गठ्ठे केलेले होते आणि प्रत्येक गठ्ठ्याला एक अक्षर. 'ए' म्हणजे मूळ सिस्टिम, 'डी' म्हणजे प्रोग्रॅम लिहिण्याची हत्यारं, 'एन' म्हणजे नेटवर्क, 'एक्स' म्हणजे खिडक्या आणि माउसवालं चित्रमय रूप, 'टी' म्हणजे टेक् ही छपाईची व्यवस्था, आणि 'वाय' म्हणजे खेळ.

इथे वर्गीकरणाचा अर्थ अगदी साधा होता. ज्याला खेळ नकोत त्याने 'वाय'च्या फ्लॉप्या उतरवू नयेत. हाताला जेवढं ओझं पेलवेल तेवढंच न्यायचं. वर्ग म्हणजे गठ्ठा आणि गठ्ठा म्हणजे जागा. दोन्हींत फरकच नव्हता.

डेबियनचा संसार

त्याच वर्षी, १६ ऑगस्ट १९९३ रोजी, इंडियानातल्या परड्यू विद्यापीठातल्या इयन मर्डॉक या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने नव्या डिस्ट्रिब्युशनची घोषणा केली. त्या वेळी लोकप्रिय असलेल्या एसएलएस नावाच्या संचातल्या चुकांना तो कंटाळला होता. आपल्या मैत्रिणीचं नाव डेब्रा आणि आपलं इयन, हे जोडून त्याने नाव ठेवलं डेबियन. (पुढे दोघांचं लग्न झालं. मर्डॉक २०१५ च्या डिसेंबरमध्ये वारले.)

मर्डॉकच्या कल्पनेतलं नवं काय होतं? एकट्याने सगळा संच बांधायचा नाही. प्रत्येक पॅकेजला एक सांभाळणारा असावा, आणि सगळं काम उघड्यावर, सर्वांना दिसेल असं व्हावं. म्हणजे गणेशोत्सवाचीच पद्धत म्हणा ना. कुणी मखर, कुणी प्रसाद, कुणी वर्गणी. मात्र गणेशोत्सवाला जो प्रश्न येतो तोच इथेही आला. माणसं वाढली की सामानही वाढतं. जून १९९६ मध्ये डेबियन १.१ निघाले त्यात ४७४ पॅकेजेस होती. जुलै २००२ च्या ३.० मध्ये ती सुमारे साडेआठ हजार झाली. जून २००५ च्या ३.१ मध्ये पंधरा हजारांवर गेली. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये निघालेल्या १३ व्या आवृत्तीत जवळजवळ सत्तर हजार!

एवढ्या पुड्यांत आपल्याला हवा तो सापडायचा कसा? त्यासाठी प्रत्येक पॅकेजच्या माहितीत एक ओळ असते, 'सेक्शन'. ॲडमिन, एडिटर्स, गेम्स, ग्राफिक्स, मेल, मॅथ, नेट, साउंड, टेक्स्ट असे तीसेक विभाग सुरुवातीच्या काळात तयार झाले. त्यात 'हॅमरेडिओ' असाही एक स्वतंत्र विभाग होता, आणि अजून आहे. जगात हौशी रेडिओवाले असे कितीसे? पण डेबियनच्या संसारात ते पहिल्यापासून होते. मर्डॉकनंतर १९९६ मध्ये प्रकल्पाचे प्रमुख झालेले ब्रूस पेरेन्स स्वतः हॅम रेडिओवाले. फडताळाच्या फळ्या पाहिल्या की घरात कोण राहतं ते कळतं, तसंच हे. आमच्या घरात बघा, लोणच्यांना एक अख्खी फळी आहे.

आणि 'मिस्क' म्हणजे 'इतर' हा विभागही होताच. तो नसलेलं फडताळ अजून कुणी बांधलेलं नाही.

खारे शंकरपाळे कुठल्या डब्यात?

नियम एकच, पण कठीण: एका पॅकेजला एकच विभाग. कारण त्या काळी डेबियनच्या सर्व्हरवर प्रत्येक विभागाचं खरोखरीचं वेगळं फोल्डर होतं. फाइल एका वेळी एकाच फोल्डरमध्ये राहणार.

आता दिवाळीच्या फराळाचं उदाहरण घ्या. गोडाचे डबे एका फळीवर, तिखटमिठाचे दुसऱ्या फळीवर. मग खारे शंकरपाळे कुठे? शंकरपाळे म्हणून गोडाच्या शेजारी की खारे म्हणून चिवड्याच्या शेजारी? आमच्याकडे आई एका बाजूला ठेवायची आणि आत्या दुसऱ्या. परिणाम असा की पाहुणे आले की दोघी सगळे डबे उघडत. पॅकेजचंही तसंच. एडिटरच्या आतच ईमेल वाचायची सोय असेल तर ते पॅकेज 'एडिटर्स'मध्ये की 'मेल'मध्ये? गणित शिकवणारा खेळ 'मॅथ' की 'गेम्स'?

यावर डेबियनने काढलेला तोडगा मला फार आवडतो. पॅकेज बांधणारा आपल्या मते योग्य तो विभाग लिहितो. पण शेवटचा शब्द त्याचा नाही. संपूर्ण भांडार सांभाळणारी एक लहानशी टीम आहे, एफटीपी टीम. तिच्याकडे स्वतःची वेगळी यादी असते, तिला म्हणतात 'ओव्हरराइड' फाइल. बांधणाऱ्याने काहीही लिहिलं तरी भांडारात चालतं ते या यादीतलं. दोन्हींत फरक पडला की बांधणाऱ्याला आपोआप पत्र जातं. पटत नसेल तर त्याने रीतसर तक्रार नोंदवून आपलं म्हणणं मांडायचं.

नवीन पॅकेज आलं की ते आधी 'न्यू' नावाच्या रांगेत थांबतं. टीममधला माणूस ते उघडून बघतो. परवाना ठीक आहे का, नाव ठीक आहे का, विभाग ठीक आहे का. हे काम यंत्र करत नाही, माणूस करतो, स्वतःच्या फावल्या वेळात. म्हणूनच ही रांग कधी कधी लांबते आणि लोक कुरकुरतात. पण ज्याने त्याने आपापल्या सोयीने फळी निवडली असती, तर सत्तर हजारांतले निम्मे पुडे आज 'इतर'मध्ये असते, अशी माझी खात्री आहे. खात्री कशावरून? आमच्या एकवीस खोक्यांवरून.

चौकोनांचा लेख

आता माझी स्वतःची फजिती. २००६ साली याच अंकाच्या कामात मी होतो. माझ्या वडिलांनी पुण्याहून एक लेख पाठवला होता, त्यांच्या लहानपणच्या दिवाळीवर. हाताने लिहिलेला. भाच्याने तो युनिकोडमध्ये टाइप करून ईमेल केला. मी घरच्या डेबियनवर उघडला तर पडद्यावर नुसते चौकोन! प्रत्येक चौकोनात बारीक आकडे, ०९१५ वगैरे. तो 'क' होता, हे मला मागाहून कळलं. मशीनवर देवनागरी फाँटच नव्हता.

फाँट डेबियनमध्ये असणार हे ठाऊक होतं. मी विभागांच्या यादीत शिरलो. 'टेक्स्ट'मध्ये पाहिलं, नाही. 'एडिटर्स'मध्ये नाही. छपाईचं म्हणून 'टेक्'मध्ये पाहिलं, तिथे हवा तो नाही. 'ग्राफिक्स', 'डॉक', 'युटिल्स', सगळे डबे उघडून झाले. रात्रीचा एक वाजला. शेवटी सापडला तो 'एक्स११' या विभागात. का? तर पडद्यावर अक्षरं काढण्याचं काम एक्स ही चित्रमय यंत्रणा करते, म्हणून फाँट तिच्या घरात.

बांधणाऱ्याच्या दृष्टीने हे अगदी बरोबर होतं. शोधणाऱ्याच्या दृष्टीने मात्र तो फाँट त्या रात्री एक वाजेपर्यंत अस्तित्वातच नव्हता. या साऱ्या इतिहासातून मी शिकलो ते एवढंच: वर्गीकरण करायला बसतो तो नेहमी वस्तू कशी बनली याचा विचार करतो, आणि शोधायला येतो तो आपल्याला काय हवंय याचा. या दोघांची गाठ घालून देणं हेच ते काम.

नागरिकत्व तपासणारी फळी

सगळ्याच फळ्या सोयीसाठी नव्हत्या, काही कायद्याने लावलेल्या होत्या. आपल्या वाचकांना यातली एक विशेष जवळची वाटेल. तिचं नाव 'नॉन-यूएस'!

नव्वदीच्या दशकात अमेरिकन कायद्याच्या नजरेत गुप्तलेखनाचे, म्हणजे मजकूर कुलूपबंद करणारे, बळकट प्रोग्रॅम निर्यातीच्या बाबतीत जवळजवळ शस्त्रास्त्रांच्या पंगतीत बसत. ते अमेरिकेतल्या सर्व्हरवर ठेवले आणि दुसऱ्या देशातल्या कुणी उतरवून घेतले, तर ती निर्यात ठरायची. म्हणून डेबियनने हे प्रोग्रॅम अमेरिकेबाहेरच्या वेगळ्या सर्व्हरवर ठेवले. आत येऊ शकत होते, बाहेर जाऊ शकत नव्हते. व्हिसाच्या स्टँपिंगसाठी देशाबाहेर जाऊन अडकलेल्यांना हे उलट दिशेने का होईना ओळखीचं वाटेल. २००० साली नियम सैल झाले, कायद्याचा सल्ला घेतला गेला, आणि २००२ मध्ये हे प्रोग्रॅम मुख्य भांडारात आले. एका फळीची गरज संपली आणि पुढे ती काढून टाकली गेली.

दुसरी वाटणी तत्त्वाची. १९९७ साली डेबियनने आपला सामाजिक करार ठरवला. त्यानुसार पूर्ण मुक्त सॉफ्टवेअर ते 'मेन', न बसणारं ते 'नॉन-फ्री', आणि स्वतः मुक्त पण नॉन-फ्रीवर अवलंबून असणारं ते 'कॉन्ट्रिब'. या भिंतीवरून वर्षानुवर्षं कडाक्याचे वाद झाले. लॅपटॉपचं वायफाय चालायला लागणारं फर्मवेअर बहुतेक वेळा नॉन-फ्रीमध्ये. म्हणजे नवखा माणूस अधिकृत सीडी घालणार आणि त्याला नेटच मिळणार नाही! शेवटी २०२२ मध्ये सभासदांनी मतदान केलं, आणि जून २०२३ च्या बाराव्या आवृत्तीत 'नॉन-फ्री-फर्मवेअर' अशी नवी वेगळी फळी आली. तत्त्व सोडलं नाही, त्यावर चिठ्ठी स्पष्ट लावली, आणि घरात येणाऱ्याची अडचणही दूर केली. आपल्या मंडळांची घटनादुरुस्ती इतक्या समजुतीने झाली तर काय बहार येईल!

जागा वेगळी, चिठ्ठी वेगळी

खरी क्रांती मात्र कुणाच्या लक्षातही न येता झाली, २००० सालच्या अखेरीस. तेव्हा डेबियनने विभागवार फोल्डरं मोडीत काढली आणि 'पूल' नावाची रचना आणली. आता पॅकेजची फाइल राहते ती नावाच्या आद्याक्षराच्या फोल्डरमध्ये, विभाग कुठलाही असो. फक्त 'लिब'ने सुरू होणारी इतकी आहेत की त्यांना पुढचं एक अक्षर जोडून वेगळी फोल्डरं द्यावी लागली. आपल्याकडे टेलिफोन डिरेक्टरीत जोशी-कुलकर्ण्यांची पानं संपता संपत नसत, तसंच.

यात क्रांती कसली? तर जागा आणि वर्ग यांची फारकत झाली. वस्तू कुठे ठेवली आहे हा एक प्रश्न आणि ती कशाची आहे हा दुसरा. विभाग ही आता नुसती यादीतली नोंद, चिठ्ठी उरली. फाइल न हलवता चिठ्ठी बदलता येऊ लागली. आणि चिठ्ठीच लावायची तर एकच का? दोन लावा, दहा लावा!

हाच विचार २००३ च्या सुमारास एन्रिको झिनी या इटालियन डेबियनकराने पुढे नेला. त्याच्या प्रकल्पाचं नाव डेबटॅग्ज. यात पॅकेजला एका विभागात कोंबायचं नाही, त्याला वेगवेगळे प्रश्न विचारायचे. तू कोण? प्रोग्रॅम. काय करतोस? संपादन. कशावर? मजकुरावर. दिसतोस कसा? खिडकीत की नुसत्या अक्षरांत? कुठल्या भाषा-संस्कृतीसाठी आहेस? प्रत्येक उत्तराची एक चिठ्ठी. खारे शंकरपाळे इथे सुखाने नांदतात. आकार: शंकरपाळे, चव: खारी. दोन्हींकडून शोधा, सापडतील.

आणि इथे आपल्याला अभिमान वाटावा अशी गोष्ट. एकाच वस्तूकडे अनेक पैलूंनी बघून वर्गीकरण करण्याची ही पद्धत ग्रंथालयशास्त्रात नीट बांधून काढली ती एका भारतीयाने, शियाळी रामामृत रंगनाथन यांनी. जन्म १८९२, तमिळ प्रदेशातला. गणिताचे अध्यापक. १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि प्रशिक्षणासाठी लंडनला गेले. तेव्हा जगभर १८७६ सालची ड्युई यांची दशांश पद्धत चाले. तीत प्रत्येक पुस्तकाला आधीच आखलेल्या चौकटीतला एक कप्पा. रंगनाथनना ते पटेना. लंडनच्या एका दुकानात त्यांनी मेकॅनो पाहिलं. त्याच त्या पट्ट्या आणि स्क्रू, पण जोडाल तशी नवी वस्तू तयार. विषयही असेच सुट्या भागांतून जोडता आले तर? १९३३ मध्ये त्यांची 'कोलन क्लासिफिकेशन' ही पद्धत प्रसिद्ध झाली. विषयाचे पैलू एकमेकांपासून वेगळे दाखवायला त्यांनी कोलन, म्हणजे दोन टिंबांचं चिन्ह, वापरलं म्हणून ते नाव. डेबटॅग्जमधल्या चिठ्ठ्याही 'रोल::प्रोग्रॅम' अशाच लिहितात, एकाऐवजी दोन कोलन देऊन.

ग्रंथालय हे वाढतं असतं, हे रंगनाथन यांचं आग्रहाचं सांगणं. आजच्या सामानाला पुरणारं फडताळ उद्या अपुरं पडणार हे धरूनच चालायचं.

२००९: फाँटला घर मिळालं

विभागांची जुनी यादीही तशी अपुरी पडली होतीच. मार्च २००९ मध्ये एफटीपी टीमने तिची मोठी डागडुजी केली. जावा, रूबी, पीएचपी, हास्केल अशा भाषांना स्वतःचे विभाग मिळाले. व्हिडिओ दाखवणारी पॅकेजेस तोवर 'ग्राफिक्स'मध्ये पाहुणी म्हणून राहत होती, त्यांना 'व्हिडिओ' मिळाला. डेटाबेसना वेगळी फळी मिळाली. भाषांतरांसाठी 'लोकलायझेशन' आला. आणि हो, 'फाँट्स' असा विभाग झाला! मला तीन वर्षं उशीर झाला होता, पण माझ्यामागून येणाऱ्या कुणाला तरी रात्रीचा एक वाजवावा लागणार नव्हता.

योगायोग असा की महिनाभर आधीच, फेब्रुवारी २००९ मध्ये, डेबियन ५.० निघालं होतं आणि त्याच्या इन्स्टॉलरमध्ये ज्या पाच नव्या भाषा आल्या त्यांत मराठी होती. अम्हारिक, आयरिश, नॉर्दर्न सामी आणि सर्बियनच्या जोडीला. कुणीतरी बसून ती वाक्यं मराठीत केली. आपल्यातल्या कितीजणांना हे ठाऊक आहे?

तुम्ही म्हणाल, आता शोधायचं ते सरळ टाइप करायचं, या फळ्या हव्यात कशाला? खरं आहे, पण अर्धंच. शोधयंत्र चालतं ते आपल्याला नाव ठाऊक असेल तेव्हा. काय काय आहे हेच ठाऊक नसेल तर फळीसमोर उभं राहून नजर फिरवावी लागते. शिवाय चिठ्ठी काही नुसती बघायला नसते. डेबियनमध्ये 'मेटापॅकेजेस' असा एक विभाग आहे. त्यातल्या पुड्यात स्वतःचं काही नसतं, 'ही वीस पॅकेजेस आणा' अशी नुसती यादी असते. ती यादी काढून टाकली तर 'आता यांची गरज नाही' असं समजून यंत्राने वीसच्या वीस पॅकेजेस साफ करायला नकोत, म्हणून ॲप्ट हा प्रोग्रॅम या विभागाला वेगळी वागणूक देतो. चुकीची चिठ्ठी लागली तर कुणाच्या तरी मशीनवरून भरल्या घरातलं सामान जाऊ शकतं.

डेबटॅग्जचं मात्र पूर्ण सार्थक झालं असं म्हणवत नाही. कल्पना उत्तम, पण दहा चिठ्ठ्या लावायच्या म्हणजे दहापट हात लागतात. 'अजून चिठ्ठी लावलेली नाही' अशीच चिठ्ठी मिरवणारी पॅकेजेस खूप उरली. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याचं नाव होतं, चिठ्ठी लावणाऱ्याचं कोण घेतो? तरीही सत्तर हजारांतल्या प्रत्येक पॅकेजला निदान एक विभाग आहे, आणि तो कुणीतरी डोळ्यांखालून घातलेला आहे. बत्तीस वर्षांत माणसं बदलली, फळ्या बदलल्या, पण 'कुणीतरी बघेल' असं म्हणून ते काम सोडलं गेलं नाही.

एकवीस खोकी

तर आमची खोकी. आधी मी ठरवलं होतं की पुस्तकं विषयवार लावू. पहिल्याच दिवशी तिढा पडला. डॉक्टरने लिहिलेलं विनोदी प्रवासवर्णन कशात घालायचं? मग डेबियनचा कित्ता गिरवला. पुस्तकं हलवायची नाहीत, ज्या खोक्यात आहेत तिथेच राहू द्यायची, फक्त खोक्याला नंबर. सगळा खटाटोप चिठ्ठ्यांचा. एका स्प्रेडशीटमध्ये प्रत्येक पुस्तकाची एक ओळ: नाव, लेखक, प्रकार, खोकं क्रमांक, मोठ्यांसाठी की मुलांसाठी, अक्षर मोठं की बारीक. हा शेवटचा रकाना आमच्या ज्येष्ठ सभासदांनी सुचवला. मला सात जन्मांत सुचला नसता. शोधणाऱ्यालाच कळतं काय शोधायचं ते.

मराठी शाळेतली दोन मुलं दर शनिवारी मदतीला येतात. त्यातल्या मुलीने स्वतःच एक रकाना वाढवला: 'मी वाचू शकेन का?' ती पहिलं पान उघडते, चार ओळी वाचून बघते आणि 'हो', 'नाही' किंवा 'बाबांबरोबर' असं भरते. एफटीपी टीममध्ये घ्यावी अशी आहे.

बाराव्या खोक्यात आमच्या मंडळाचे जुने दिवाळी अंक निघाले. त्यात २००६ चाही होता. वडिलांचा लेख पान ३४ वर, स्वच्छ देवनागरीत. ते जाऊन आता नऊ वर्षं झाली. हस्तलिखित घरबदलीत कुठे गेलं ते कळलं नाही, आणि भाच्याची ती ईमेलही आता कुणाकडे नाही. लेख उरला आहे तो फक्त त्या अंकात, आणि तो अंक होता 'पुस्तकं व इतर' या खोक्यात, झांजांखाली. देऊन टाकायच्या यादीत.

आता यादीत त्याची ओळ आहे. खोकं १२, प्रकार: दिवाळी अंक, अक्षर: मध्यम. 'मी वाचू शकेन का?' या रकान्यात त्या मुलीने लिहिलंय, 'हो'.

हा अंक छापायला जाईपर्यंत चौदा खोकी झाली आहेत. यादी सभासदांना पाठवल्यावर पहिल्या महिन्यात अकरा पुस्तकं वाचायला गेली. त्यातली दोन कोषाध्यक्षांनीच नेली, हे इथे नमूद करायला त्यांची परवानगी घेतली आहे. ग्रंथालयाचा विषय पुढच्या बैठकीत पुन्हा येणार आहे. सात खोकी अजून बंद आहेत. शनिवारी सकाळी दहा ते बारा आम्ही गराजमध्ये असतो. चहा मिळेल. मार्कर आणू नका, 'इतर' लिहायला बंदी आहे.